व्लास्तावहिनीला मी सांगितलं ते

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि आता सांगायला तो राहिला नाही. मुलांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. केळझरच्या गणपतीपुढं कितीदा हात जोडून उभी राहिले, दर वेळी ठरवून गेले, आणि दर वेळी दुसरंच काहीबाही पुटपुटून प्रसाद घेऊन परत आले. मग तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल. समोरच्या माणसाचा चेहरा दिसला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. खोड लहानपणापासूनची आहे.

तिथूनच सुरुवात करते. खरं तर ती सुरुवात नव्हे, मला वेळ काढायचा आहे म्हणून तिथून सुरुवात करते आहे. तरी ऐका.

माझे वडील आंजीला शाळामास्तर होते. मास्तरांची मुलगी मी, आणि वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. उत्तर येत नव्हतं असं नाही. यायचं. पण उत्तर आणि तोंड यांच्या मध्ये भीती ठाण मांडून बसलेली — चुकलं तर? हसले तर? आणि हसायचेच. गावात माझं नाव पडलं मुकी. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी नाव विचारलं, तेव्हा 'शांता' म्हणून आईनंच सांगितलं. 'पोरीले तोंड नाई काय?' असं त्यांच्यातली एक बाई मोठ्यानं म्हणाली. पोह्यांच्या बशा रिकाम्या करून ती मंडळी गेली ती गेलीच. मॅट्रिक होऊन मी घरात बसले होते, आणि बसूनच राहणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

माझा दादा तेवढाच बोलका. यंत्रांचं शिक्षण घ्यायला तो चेकोस्लोव्हाकियात गेला होता. नागपूरची राजधानी गेली आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, त्याच्या आगेमागे तो परतला — आणि सोबत व्लास्ताला घेऊन आला. लग्न करूनच. गाव ओट्यावर लोटलं होतं. आईनं दोन दिवस दादाशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी उठली, उंबरठ्यावर माप ठेवलं, दोघांना ओवाळलं, आणि ताटात तांदूळ पसरून दादाच्या हातून नव्या सुनेचं नाव लिहून घेतलं. व्लास्ता हे नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून वत्सला. वहिनीनं ती अक्षरं बराच वेळ पाहिली. मग तिनं बोटानं माझ्याकडे खूण करून विचारलं, आणि मी — मुकी — तिच्यापुढं ते नाव हळूच वाचून दाखवलं.

दादाला काम लागलं ते बिहारकडं. चेकोस्लोव्हाकियातून आलेली यंत्रं तिथल्या एका कारखान्यात उभी करायची होती. राहायला जागा मिळाली की तुला नेतो, असं वहिनीला सांगून तो गेला. दोन-तीन महिन्यांनी चार दिवस येई. म्हणजे घरात काय उरलं? आई, जिला वऱ्हाडीशिवाय काही येत नव्हतं. वडील, जे सुनेशी बोलायचं नाही या वळणाचे. वहिनी, जिला आमची भाषा नव्हती. आणि मी, जिला भाषा होती पण तोंड नव्हतं.

आम्ही दोघी मीठ-पाण्यापासून सुरू झालो. मी मीठ दाखवी, ती म्हणे 'सूल'. पाणी म्हणजे 'वोदा'. होय म्हणजे 'आनो'. तूर पाखडताना, विहिरीवर रहाट ओढताना, शेणानं अंगण सारवताना — ते ती हसत हसत शिकली, नाक मुरडलं नाही — आमचं हेच चालायचं. शब्द मला भराभर पाठ होत. पण वाक्य? वाक्य म्हटलं की जुनी भीती येऊन बसे. त्यांच्या भाषेत आपल्यासारखंच शब्दाचं शेपूट बदलतं. पाणी वेगळं, पाण्यात वेगळं, पाण्यानं वेगळं. मी मनात वाक्य जुळवायची, शेपटं तपासायची, पुन्हा तपासायची, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. वहिनी थांबायची. तिला घाई नसायची. माझे ओठ हलून बंद झाले की ती म्हणायची, 'नेबोय से.' घाबरू नकोस.

मला कोणी असं म्हटलं नव्हतं. 'बोल ना' म्हणत, 'तोंड शिवलं काय' म्हणत. घाबरू नकोस असं कोणी म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मला त्या बाईचा असा लळा लागला की तिच्या मागं मागं मी दिवसभर फिरायची.

आणि एक दिवस — आम्ही पवनारला धाम नदीवर गेलो होतो, बस चुकली, दगडावर बसलो होतो — मी तिला भूक लागली का असं विचारलं. चुकीचंच विचारलं असणार. ती हसली. पण ते हसणं वर्गातलं नव्हतं. ती हसली आणि लगेच उत्तर दिलं, म्हणजे तिला समजलं होतं! चुकूनही समजलं होतं. हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, की चुकलेलं वाक्यही पोचतं. मी दुसरं विचारलं. तिसरं विचारलं. बस येईपर्यंत मी बोलत होते.

त्यानंतर माझे दिवस बदलले. सबंध गावात ती बोली येणारी मी एकटी. माझी चूक पकडणारं कोण होतं? कोणीच नाही! चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका वहिनीला पाहायला येत, आणि पाहता पाहता मला पाहू लागल्या. 'बाई बाई, मास्तरची मुकी फाडफाड बोलून राह्यली!' वहिनीला काही हवं असलं की हाक माझ्या नावाची. वहिनीशी काही बोलायचं असलं की हाक माझ्या नावाची. वडीलसुद्धा मला विचारत, 'तिला बरं आहे ना?' मी ऐकायची, सांगायची, मान ताठ ठेवून पाणी भरायची. बाहेरून फाडफाड, पण आतून अजून अडखळत होते बरं का. प्रत्येक वाक्याआधी एक ठेच असायचीच. ती गेली कधी, ते सांगते. तेच सांगायचं आहे.

वहिनीला दिवस गेले. आईला आनंद झाला, पण आईचा आनंद तुम्ही पाहिला असता तर तुम्हाला तो रागच वाटला असता. चेहरा मुळातच कडक. आवाज शेतातून हाक मारल्यासारखा. प्रेमानं जेवायला बोलावलं तरी नवख्या माणसाला वाटावं की भांडते आहे. वहिनी तिला भिऊन असायची. 'तुझी आई माझ्यावर रागावली आहे का?' असं मला विचारायची, आणि मी 'नाही, ती अशीच आहे' असं सांगायची. म्हणजे तोवर मी खरं सांगत होते.

पुढं वहिनीला अन्न जाईना. ती एका जागी बसून राही. एकदा वेणी घालून देत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला. तिला तिच्या आईकडं जायचं होतं. मामिंका म्हणायची ती आईला. बाळ तिथं व्हावं, मग बाळाला घेऊन परत यायचं. सासूबाईंना विचारशील? तुझ्याशिवाय कोण विचारणार? तिच्या पाठीवर घाम आला होता, इतकं ते विचारणं तिला जड गेलं. ती माझं उत्तर ऐकायला वळली, आणि मी हो म्हटलं.

दुपारची वेळ. आई मागच्या पडवीत खाली मान घालून अंबाडीची भाजी निवडत होती. आम्ही दोघी जाऊन तिच्यापुढं बसलो. वहिनीनं तिच्या भाषेत सांगितलं, आणि मी ते आईला सांगितलं. नीट सांगितलं. त्यात एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

आईनं मान वर केली नाही. म्हणाली, 'हे इचारायची गोष्ट हाये काय? पहिलं बाळंतपण मायच्या घरीच होते. मायचा हक्क राह्यते तो. तिची माय मडमीन असो का कोनी असो. माह्या पाटल्या मोडा, पन पोरीले तिच्या मायपाशी पाठवा.' आणि तिनं दुसऱ्या हातानं स्वतःच्या मनगटावर, पाटल्यांवर, फाडकन थाप मारली.

वहिनी त्या आवाजानं दचकली. तिनं माझ्याकडं पाहिलं.

आता पाहा. एवढंच तर बोलायचं होतं — जा. आईनं हो म्हटलं आहे. ती दागिने मोडायला तयार आहे. साधी वाक्यं. शेपटंही सोपी. माझ्या जिभेवर होती ती.

मी वहिनीला सांगितलं, आई नाही म्हणते. सांगितलं की, आमच्यात अशा दिवसांत सून घर सोडून गेली तर तो सासरचा अपमान समजतात. हा विषय पुन्हा काढू नकोस, तिला त्रास होतो. दादाजवळही काढू नकोस, तो आईच्या शब्दाबाहेर नाही, उगाच त्याची ओढाताण होईल.

मी अडखळले नाही. कळतं आहे ना, मी काय सांगते आहे? एकदाही थांबले नाही. शब्द जुळवावे लागले नाहीत, शेपटं तपासावी लागली नाहीत, ठेच लागली नाही. इतके महिने जी धिटाई मी मागत होते ती त्या घटकेला आली, आणि आली ती खोटं बोलायला आली. चेक भाषेत मी पहिल्यांदा सरळ, न घाबरता बोलले ते हे.

वहिनीनं मान खाली घातली. 'आनो,' म्हणाली.

आईनं विचारलं, 'काय म्हंते थे?'

मी म्हटलं, 'म्हणते, मले इथंच राहायचं आहे.'

आईचा हात भाजीवर थांबला. 'असं म्हंते?' एवढंच ती बोलली. आपण होऊन माहेर नको म्हणणारी पोर तिनं पाहिली नव्हती. मग ती पुन्हा पानं खुडायला लागली.

का केलं मी असं? एक सबब माझ्याजवळ आहे, आणि ती चांगली दिसते म्हणून तुम्हाला दाखवून ठेवते. दादा मागं एकदा म्हणाला होता की, तिकडं गेलेल्या माणसाला तिथलं सरकार पुन्हा बाहेर सोडेलच असं नाही. तेव्हा मी दादाचा संसार वाचवला, असं म्हणता येईल. पण त्या घटकेला माझ्या मनात ते नव्हतंच. माझ्या मनात फक्त एवढं आलं, की ही गेली की मी पुन्हा मुकी.

त्यानंतर दादा आला. आईनं त्याला सुनेचं कौतुक सांगितलं — माहेरी पाठवत होतो आम्ही, पण तीच जात नाही म्हणाली. दादा हरखला. माझ्यादेखत तो वहिनीला तिच्या भाषेत म्हणाला, तू इथंच राहतेस याचा मला फार आनंद झाला. आता ती बोलणार. आता सगळं फुटणार. वहिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. तिला वाटलं, हाही आईच्याच बाजूचा. मी केलेली ताकीद तिनं पाळली.

डोहाळजेवणाला हिरवं लुगडं नेसवून तिला पाटावर बसवलं. बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली. मी तिच्या शेजारी बसून प्रत्येक गाण्याचा अर्थ तिला सांगत होते. किती सराईत सांगत होते! सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. त्यातल्या एका गाण्यात माहेरची वाट होती. तेवढं मी तिला सांगितलं नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा मी आणि आई तिच्यापाशी होतो. ती मामिंका, मामिंका म्हणून ओरडत होती. आईनं तिचा हात घट्ट धरला होता, दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारत होती. आणि आई म्हणाली, 'मायले बोलावून राह्यली थे. मंग गेली काऊन नाई, शांते?' तिला माझा संशय नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होती. तेव्हा तरी सांगायला हवं होतं की नाही? मी तांब्या घेऊन पाणी आणायला बाहेर गेले, आणि पाणी भरून झाल्यावरही नळाशी उभी राहिले. परत आले तेव्हा बाळ रडत होतं.

मुलगी रांगायला लागायच्या आधीच तिकडून कळलं, की वहिनीची आई गेली. ही बातमी वहिनीनं घरात फक्त मला सांगितली, कारण तिच्या भाषेत सांगण्यासारखं दुसरं होतं कोण? रडली नाही. म्हणाली, ती वाट पाहत होती. मी तिला कळवलं होतं की मला येऊ देत नाहीत. तिनं बाळासाठी लोकरीचं विणून ठेवलं होतं, ते आता कुणाकडं असेल? मी तिला जवळ घेतलं. हो, मीच घेतलं! तिच्या पाठीवरून हात फिरवत मी तिचं सांत्वन केलं, आणि त्यासाठी लागणारे सगळे शब्द मला आले.

पुढं दादानं तिला बिहारला नेलं. माझंही लग्न झालं. मुकी म्हणून नव्हे — विलायती बोली बोलणारी, धीट, हुशार मुलगी म्हणून मला मागणी आली. मी आर्वीला नांदले.

वहिनी मराठी शिकली, माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलायला लागली. तुम्ही म्हणाल, मग तेव्हा तरी दोघींत उलगडा झाला असेल. नाही झाला. वहिनी मानी, नाकारलेली गोष्ट पुन्हा काढणारी नव्हती. आणि आईला वाटे, हिनंच माहेर नको म्हटलं, मागून माय मेली, आता त्या जखमेला हात कशाला लावा. दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि दोघी लांबच राहिल्या. वहिनी सणाला आईच्या पाया पडायची, आजारपणात तिचं सगळं करायची, पण हाक मारायची ती 'सासूबाई'. शेवटच्या दुखण्यात आई मला म्हणाली, 'सुनेनं कधी आई म्हनलं नाई मले. काय चुकलं असन माहं?' मी तिचे पाय चेपत होते. तशीच चेपत राहिले. दोन दिवसांनी आई गेली.

आता दादाही नाही. वहिनी वर्ध्याला मुलीकडं असते. खूप वर्षांनी एकदा ती तिकडं जाऊन आली. त्या घरात दुसरेच लोक राहत होते. तिच्या मुलीला ती भाषा आली नाही, नातवंडांना तर नाहीच. मी गेले की वहिनी दार उघडतानाच तिच्या भाषेत सुरू होते. म्हणते, तू आलीस की मला माझा आवाज ऐकू येतो. म्हातारपणी आता ती शब्द विसरते, आणि मी तिला आठवून देते.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले होते. पंख्याखाली दोघी लसूण सोलत होतो. हातातली पाकळी तशीच धरून तिनं मला विचारलं, अगदी सहज, की त्या वेळी तुझ्या आईनं मला का जाऊ दिलं नाही गं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

समोर तिचा चेहरा होता. मी तुम्हाला म्हटलं ना, समोर चेहरा असला की मला बोलता येत नाही? तेही खरं नाही. मी लगेच बोलले. स्वच्छ, शेपटासकट बरोबर असं बोलले — ती जुन्या वळणाची होती, वहिनी.

वहिनीनं मान हलवली. म्हणाली, हो, मलाही तसंच वाटलं. मी तिला कधीच माफ केलं आहे.

माझ्या आईनं न केलेल्या गुन्ह्याची माफी तिला मिळाली, आणि मी ती मिळू दिली.